एक इंच एक सूत

एक इंच म्हणजे दोन पूर्णांक चोपन्न शतांश सेंटिमीटर. हे वाक्य मी परळच्या मुलींच्या शाळेत तीसएक वर्षं फळ्यावर लिहिलं, वह्यांत लिहून घेतलं, आणि ज्या मुलीने शेवटचा चार गाळला तिला वर्गाबाहेर उभं केलं. स्वतःच्या घरचं काम निघालं तेव्हा तो चार मीच गाळला. कारण काय, तर अडीचने भागणं तोंडी जमतं. चारने गुणायचं, दहाने भागायचं, झालं. आणि ही हुशारी दाखवली कुणाला, तर सुताराला.

सुतार म्हणजे आमचे मिस्त्री. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या नावाचं मी काय केलं ते पुढे येईलच, तोवर मिस्त्रीच बरं.

माप घ्यायला आले की मिस्त्री लगेच फुटपट्टी काढत नसत. चपला दाराबाहेर, आणि आत आल्यावर आधी तळहात भिंतीवर. डॉक्टर पाठीवर हात ठेवतात तसा. मान जराशी कललेली. वर दोन ठिकाणी, खाली दोन ठिकाणी हात ठेवून झाला की मग खिशातली चार घड्यांची पिवळी लाकडी पट्टी उघडायची. कुणी घाईला येऊन म्हणालं, "अहो मिस्त्री, घ्या ना लिहून, सात फूट आहे," की ते म्हणत, "थांबा, भिंतीला विचारतो." लालबागच्या आमच्या चाळीत हे वाक्य इतकं मुरलं होतं, की लग्न कधी करतोस असं कुणी विचारलं तरी माझा दीर म्हणायचा, "भिंतीला विचारून सांगतो."

मिस्त्री गिरणीत सुतारखात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर हत्यारांची पेटी घेऊन चाळींतून कामं करू लागले. पोटमाळे, फळ्या, देव्हारे, दाराच्या फुगलेल्या चौकटी. त्यांचं सगळं माप फूट, इंच आणि सुतात. तुम्ही कधी सुताराशेजारी उभे राहिला असाल तर ऐकलं असेल, एका इंचाचे आठ सूत. स्टीलची टेप त्यांना कुणीतरी दिली होती. तिच्या एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. त्या दुसऱ्या कडेला ते मुंग्या म्हणत. "या बाजूच्या मुंग्या मला दिसत नाहीत, बाई."

बाई म्हणजे मी. तेव्हा तिशीतली, बी.एस्सी., बी.एड., आणि दशमान पद्धत जणू आमच्या माहेरीच शोधली गेली अशा थाटात वावरणारी. वर्गात जगाचा नकाशा टांगून मी तीन देशांवर लाल खडूने फुली मारत असे. अमेरिका, लायबेरिया आणि ब्रह्मदेश. "अख्ख्या जगाच्या वर्गात हे तीन विद्यार्थी नापास," असं सांगायचे. एकदा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पण बाई, अमेरिका तर चंद्रावर गेली." मी म्हणाले, "गेली असेल. पण किती मैल गेली ते कुणाला कळलं?" वर्ग हसला. मला वाटलं मी जिंकले. त्याच संध्याकाळी घरी सासूबाईंना एकशे दोन ताप होता म्हणून मी पट्ट्या ठेवत बसले होते. सेल्सियसमध्ये अडतीस पूर्णांक नऊ म्हटलं असतं तर सासूबाईंनी उठून मलाच दवाखान्यात नेलं असतं. पण असल्या गोष्टी लक्षात यायला डोकं रिकामं लागतं, आणि माझं ज्ञानाने गच्च भरलेलं होतं.

मिस्त्रींची आणि माझी पहिली झटापट शाळेच्या कामावरून झाली. मुलींना हातात धरायला मीटरभर लांबीच्या वीस काठ्या हव्या होत्या. मी त्यांना काम दिलं आणि वर मीटर म्हणजे काय यावर व्याख्यान दिलं. पृथ्वीचा घेर मोजून फ्रान्समधल्या विद्वानांनी तो कसा ठरवला वगैरे. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं.

"पृथ्वी कुठून कुठपर्यंत मोजली म्हणता?"

"उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत."

"बरं. आणि काठी कुठे ठेवायची आहे?"

"कपाटात."

"मग कपाटाची उंची सांगा."

काठ्या झाल्या. मी वर्गातली खरी मीटरपट्टी काढून एकेक काठी ताडून पाहिली, मनात धरून की दोन-चार तरी चुकलेल्या निघतील. एकही निघाली नाही. वीसच्या वीस. "कशा केल्यात?" मी विचारलं. मिस्त्री म्हणाले, "तुमचा मीटर म्हणजे एकोणचाळीस इंच तीन सूत. त्यात काय एवढं." मी घरी येऊन कागदावर हिशोब केला. केसाएवढा फरक निघाला, खरोखरच केसाएवढा. याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला.

राग येण्याचं अजून एक कारण होतं. मी पद्धतीला चिकटून होते आणि हा माणूस कशालाच चिकटलेला नव्हता. प्लायवुड आणायला सांगितलं तर म्हणायचे, "आठ बाय चारची शीट, एकोणीस एमएम जाडीची." लांबी-रुंदी फुटात आणि जाडी मिलिमीटरमध्ये, एकाच श्वासात. "मिस्त्री, एक काहीतरी धरा," मी म्हणायची. ते म्हणायचे, "दुकानदार जसं देतो तसं घेतो, बाई. लाकूड कुठे तक्रार करतं?"

आता दिवाणाची गोष्ट.

दिराला पाहायला मुलीकडची माणसं रविवारी येणार होती. आमची खोली दहा बाय बारा. पाहुण्यांना बसवायचं कुठे, हा प्रश्न. ठरलं असं, की खिडकीखाली, बाहेरची भिंत आणि मोरीची भिंत यांच्यामध्ये नेमका बसेल असा दिवाण करायचा. वर बसायला, आत गाद्या आणि सासूबाईंची तांब्याची भांडी. आमच्या मजल्यावरच्या आणखी सहा बिऱ्हाडांना ती कल्पना आवडली. सगळ्यांच्या खोल्या सारख्याच. आमचा दिवाण बघून मग सहाही जण मिस्त्रींनाच सांगणार होते. गिरणी गेल्यापासून इतकं काम त्यांना एकगठ्ठा कधी मिळालं नव्हतं. त्यांनी जुन्या इमारतीतलं सागवान बघून ठेवलं होतं.

मिस्त्री माप घ्यायला आले. चपला काढल्या, हात भिंतीकडे नेला.

"मिस्त्री, तुम्ही मोजू नका," मी म्हणाले. "मी मोजलंय."

"मोजलंत ते बरंच केलंत. पण एकदा भिंतीला—"

"भिंतीला मी विचारलंय."

"काय म्हणाली?"

"दोनशे तेरा."

"अरे बापरे. म्हणजे किती?"

मोजलं मी अगदी बरोबर होतं. त्यांनीच केलेल्या मीटरच्या काठीने मोजलं होतं. पुढचं मात्र मी तोंडी केलं, कारण दारात दोन शेजारणी उभ्या होत्या. दोनशे तेरा गुणिले चार, आठशे बावन्न, भागिले दहा. "पंच्याऐंशी इंच," मी म्हणाले, "आणि वर दोन दशांश. ते तुम्हाला सोडून दिले." शेजारणींनी एकमेकींकडे कौतुकाने पाहिलं. त्यासाठीच तर सगळं चाललं होतं.

"दोन्ही बाजूंना एकेक सूत मोकळं ठेवतो," मिस्त्री म्हणाले.

"चिठ्ठीत लिहून देते तेवढंच करा. तुमची सुतं मध्ये घालू नका."

मी शाळेच्या कागदावर वळणदार अक्षरात माप लिहून खाली सही केली. मिस्त्रींचा हात अजून भिंतीपासून वीतभर अंतरावर होता. तो त्यांनी खाली घेतला, चिठ्ठी वाचली आणि चपला घालून गेले.

शनिवारी दुपारी चौघांनी दिवाण जिन्यावरून वर आणला. काय सुंदर काम होतं. कडेला गोल पट्टी, झाकणांना पितळी कड्या. एक टोक बाहेरच्या भिंतीला लावलं, दुसरं खाली उतरवायला गेले, आणि ते मोरीच्या भिंतीवर अडकून हवेतच राहिलं. वल्हवायला निघालेल्या होडीसारखा दिवाण आमच्या खोलीत तिरका उभा. गॅलरीत अख्खा मजला गोळा झाला. कुणी म्हणालं भिंत फुगली असेल. कुणी म्हणालं लाकूड फुगलं असेल. मी म्हणाले, "नीट ढकला." गणिताच्या शिक्षिकेने दिलेला हा सल्ला.

मिस्त्रींनी दिवाण खाली उतरवायला लावला. मग भिंतीवर तळहात ठेवला, पट्टी उघडली, एकदा मोजलं. "त्र्याऐंशी इंच सात सूत," ते हळूच म्हणाले. खिशातून माझी चिठ्ठी काढून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. त्या वेळेपर्यंत माझ्याही डोक्यात हिशोब झाला होता. शेवटचा चार कुठे गेला ते मला अगदी स्वच्छ दिसत होतं.

एक इंच एक सूत. तेवढाच फरक.

सासूबाई पुढे आल्या. मालवणच्या बाई, आवाज चाळीच्या गेटापर्यंत जाणारा. "काय ह्यां मिस्त्री? माझी सून शाळेत गणित शिकयता. तिणां लिवन दिलेलां माप चुकतलां कसां?"

सगळ्या मजल्याने मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी चिठ्ठीची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

"आजी, माझंच चुकलं," ते म्हणाले. "पट्टी धरताना काहीतरी गडबड झाली. उद्या सकाळी नीट करून देतो."

आणि मी काय केलं, हे तुम्हाला जाणून घ्यायचं असेल. मी चहा केला. दोन पूर्णांक चोपन्न शतांश जिभेच्या टोकाशी आलं होतं, ते गिळलं आणि आत जाऊन स्टोव्ह पेटवला. आलंसुद्धा किसलं.

रविवारी सकाळी त्यांनी गॅलरीत बसून दिवाणाची एक बाजू उसवली, कापली, पुन्हा जोडली. करवतीच्या आवाजाला सगळी दारं उघडली. येणारे-जाणारे त्यांच्या अंगावरून पाय टाकून जात होते आणि जाता जाता एखादं वाक्यही टाकत होते. "मिस्त्री, आता चष्मा घ्या." "गिरणीत असताना असं नव्हतं हां." मिस्त्री मान वर न करता म्हणत, "होय, घेतो." पाहुणे भुसा तुडवतच आत आले, नव्या दिवाणावर बसले, सोबत आलेल्या मुलीने पोह्यांची बशी उचलली आणि दिराचं लग्न ठरलं. दिवाणात आता एक सूतही फट नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून नळावर सासूबाईंची कथा सुरू झाली. "मिस्त्रींचो हात आता पूर्वीचो रवलो नाय गो." महिन्याभरात सहाही बिऱ्हाडांनी दुसरा सुतार बोलावला. तो माप डोळ्यांनीच घ्यायचा आणि फटी पुट्टीने भरायचा, पण त्याचं नाव अजून खराब व्हायचं होतं. मिस्त्रींचं झालं होतं. लालबागमध्ये नाव खराब व्हायला एक जिना पुरतो, त्याला पोस्टाची गरज नाही. शेजारच्या दोन चाळींतली कामंही गेली. मिस्त्री कॉटन ग्रीनच्या एका गोदामात पॅकिंगची खोकी ठोकायला जाऊ लागले. भिंतीला विचारून काम करणारा माणूस तिथे दिवसभर फळीला खिळे मारत होता.

मी रोज ठरवायची की आज सांगू. मग वाटायचं, नव्या जावेची मंगळागौर होऊन जाऊ दे, परीक्षा होऊन जाऊ देत. शाळेत कळलं तर पालक काय म्हणतील? पुढच्या वर्षी मला विभागप्रमुख करणार होते. अशी कारणं मला कमी पडली नाहीत. मी मुळात अभ्यासू. त्या वर्षी शेवटचा चार गाळणाऱ्या मुलींना मी दोन तास उभं केलं.

मिस्त्री मात्र आमच्याकडे येत राहिले. दार घासायला, कडी बसवायला. त्या चिठ्ठीबद्दल ते कधी बोलले नाहीत, आणि मी त्यांच्यासाठी चहात आलं घालायला कधी विसरले नाही. एवढ्यावर आमचा व्यवहार निभावला.

पुढे काळ गेला. सासूबाई गेल्या, आमचे हे गेले. मुलगा शिकला, आणि कुठे गेला म्हणता? मी तीस वर्षं लाल फुली मारत होते, त्याच देशात. नातू झाला तेव्हा मी तिकडे गेले. फोनवर मुलगा ओरडून सांगत होता, "आई, सात पौंड चार औंस." मी पदवीधर, निवृत्त, पेन्शनर बाई, मला आधी कळेना की पोर गुटगुटीत आहे की काळजीचं.

तिथे मग रोज फजिती. रस्त्यावर मैल, दूध गॅलनमध्ये, ओव्हन तीनशे पन्नासवर, आणि मी घाबरून बंद करते आहे. पण शीतपेयाची बाटली दोन लिटरची. औषधाची गोळी मिलिग्रॅममध्ये. एकच बाई एका हाताने गॅलन आणि दुसऱ्या हाताने लिटर उचलून गाडीत ठेवते, आणि तिला काही होत नाही. एकदा मुलगा लाकडाच्या दुकानात घेऊन गेला. तिथे पाटी होती, दोन बाय चार इंच. मी पर्समधली टेप काढून लाकूड मोजलं. दीड बाय साडेतीन निघालं. मुलाला म्हणाले, "अरे, फसवतात तुला." तो म्हणाला, "आई, टू बाय फोर असंच असतं. सगळ्यांना माहीत असतं." शेजारचा गोरा सुतारही मान डोलावून हसला. मला एकदम आमचे मिस्त्री आठवले, आणि मी त्यांच्यासाठी एक टेप घेतली. दोन्ही कडांना इंचच. मुंग्या नाहीत.

परत आल्यावर मिस्त्रींना निरोप पाठवला. खिडकीची बिजागरी हे निमित्त. केस पांढरे झाले होते, पण चपला अजून दाराबाहेर. टेप त्यांनी उघडली, दोन्ही बाजूंनी पाहिली, पुन्हा गुंडाळली.

"एवढ्यासाठी अमेरिकेला गेलात?"

"मिस्त्री, तिकडे सगळे तुमच्यासारखेच आहेत. फूट आणि इंच."

"असं? आणि तुम्ही तर पोरींना सांगत होता, ते नापास."

"हो, सांगत होते."

"मग त्यांनी का नाही बदललं?"

मी खुर्ची ओढून बसले. जुनी खोड. मिस्त्रींना सांगितलं की तिकडच्या सरकारने कायदा केला, पण हवं तर बदला असा. सक्ती नाही. कारखान्यातली यंत्रं, नट-बोल्ट, रस्त्यावरच्या पाट्या, घरांचे आराखडे, सगळं जुन्या मापात. बदलायचं तर सगळं एकदम बदलावं लागतं, त्याचा खर्च कोण करणार? आणि शिवाय गर्व. एवढा मोठा देश, त्याला कोण सांगणार की तुझी पट्टी चुकीची आहे?

मिस्त्री बिजागरीला तेल घालत होते. "गर्वाचं मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण आमच्या गिरणीत सगळी मशिनं विलायतेची होती, इंचात जन्मलेली. एकदा साहेबाने नवीन मापाचे नट मागवले. एकही बसला नाही. गोणीभर नट परत गेले. मशिन ज्या मापात जन्मलं त्याच मापात चालतं, बाई. अख्खा देश तसाच असेल, तर तो काय करील?"

"पण आपण बदललंच की. शेर गेला, किलो आला."

"आपण कुठे बदललो? तागडीवाल्याकडे इन्स्पेक्टर येतो, वजनावर शिक्का बघतो. म्हणून तिथे बदललं. माझ्याकडे आजवर कुणी आलं का शिक्का बघायला? माझं आणि गिऱ्हाइकाचं पटलं की झालं. जिथे अनोळखी माणसाकडून घ्यायचं तिथे सरकार लागतं. इथे तुमची भिंत, माझी पट्टी. मध्ये कोण येणार?"

खरं सांगते, तीस वर्षांत मी जेवढं शिकवलं त्यापेक्षा हे सोपं होतं. मग मी त्यांना दोन बाय चारची गंमत सांगितली. लाकडावर लिहिलेलं एक, निघतं दुसरंच. मिस्त्री हसले. हसता हसता म्हणाले, "मग ते माझ्यासारखे नाहीत, बाई. तुमच्यासारखे आहेत."

एवढ्या वर्षांत त्यांनी त्या विषयाला लावलेला तो एकच हात. मला वाटलं, आता बोलावं.

"मिस्त्री, त्या दिवाणाचं... तुम्ही तेव्हा चिठ्ठी का दाखवली नाहीत?"

त्यांनी बिजागरी दोनदा उघडझाप करून पाहिली. "तुम्ही शाळेत शिकवता. बाईंचं माप चुकलं म्हटल्यावर पोरी ऐकतील का? सुताराचं चुकलं तर लाकूड कापता येतं."

"पण तुमची कामं गेली."

"गेली ती गेली. दिवाण हलतो का अजून?"

"नाही."

"मग झालं."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. जणू मीच कुणाला तरी माफ केलं होतं. चहाबरोबर त्यांना अमेरिकन चॉकलेटं दिली. ती त्यांनी कागदात बांधून घेतली, "बायकोला आवडतात," म्हणाले. गॅलरीत जाऊन सहा बिऱ्हाडांना खरं सांगावं, हे मात्र त्या दिवशीही मला सुचलं नाही. सुचलं, पण गुडघे दुखत होते.

मग चाळ पाडली. आम्हाला टॉवरमध्ये घरं मिळाली. करारात चौरस मीटर, तोंडात चौरस फूट, आणि दोन्ही मोजले तरी कपाट ठेवायला जागा नाही. दिवाण मात्र मी टाकू दिला नाही. नव्या खोलीत तो बसवायला मिस्त्रींनाच बोलावलं. नात्यातला कुणीतरी त्यांना हाताला धरून लिफ्टने वर घेऊन आला. डोळ्यांनी कमी दिसत होतं. तळहात भिंतीवर ठेवला, बोटांनी टकटक केलं, पुन्हा ठेवला.

"ही काही बोलत नाही हो," ते म्हणाले. "आत पोकळ आहे."

दिवाणाच्या बाजूला हातभर जागा उरली. "राहू दे, बाई. तिथे झाडाची कुंडी ठेवा," असं म्हणून ते बसले. सागवानावरून सावकाश हात फिरवत होते. आपण उसवून पुन्हा जोडलेली जागा त्यांना न बघता सापडली. तिथे अंगठा थोडा वेळ थांबला. मी हे स्वयंपाकघरातून पाहत होते. हो, चहाच करत होते.

गेल्या वर्षी कळलं की मिस्त्री गेले. कळायलाही मला तीन आठवडे लागले. त्यांची मुलगी सरकारी नोकरीत, अँटॉप हिलच्या वसाहतीत राहते, तिच्याकडे मिस्त्री आणि त्यांची बायको असायचे. मी टॅक्सी केली, आणि पहिला मजला तीनदा थांबत चढले.

त्यांच्या बायकोने दार उघडलं. मी त्यांना आयुष्यात दोनदा पाहिलं असेल. बारीक, ताठ बाई. मुलगी ऑफिसला गेली होती. भिंतीवर मिस्त्रींचा फोटो, त्याखाली खुंटीला ती पिवळी पट्टी टांगलेली. मला वाटलं होतं मी फोटोपुढे चार मिनिटं बसेन, सांत्वनाचं बोलेन आणि उठेन. अशा प्रसंगी काय बोलायचं ते मला चांगलं पाठ आहे.

"तुम्ही बाई ना? लालबागच्या?" त्यांनी विचारलं. "बरं झालं तुम्ही आलात. मलाच तुमच्याकडे यायचं होतं, पण जमलंच नाही."

"माझ्याकडे? कशाला?"

त्यांनी पदराचं टोक हातात धरलं. "माफी मागायला. तुमच्याकडे पाहुणे यायचे होते आणि यांनी दिवाणाचं माप चुकवलं. आम्हाला फार वाईट वाटलं होतं. जन्मभर कधी चुकले नाहीत, तुमच्याच घरी चुकले. त्यानंतर मग ते खोक्यांचं काम. मी त्यांना म्हणायची, लक्ष ठिकाणावर ठेवलं असतं तर ही वेळ आली नसती. विचारलं की एकच सांगायचे, पट्टी सरकली म्हणून."

घरीही सांगितलं नव्हतं. त्या चिठ्ठीचं त्यांनी काय केलं, देव जाणे. समोर ही बाई माझी माफी मागत होती. मी नुसती मान हलवली असती, "जाऊ द्या हो, झालं गेलं," म्हटलं असतं, तर ती समाधानाने आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली असती. खोटं बोलण्याचीही गरज नव्हती. आधीसारखंच, फक्त गप्प बसायचं होतं. त्याचा मला चाळीसएक वर्षांचा सराव होता.

मी म्हणाले, "वहिनी, पट्टी सरकली नव्हती. माप मी दिलं होतं. मिस्त्रींना मी भिंतीला हात लावू दिला नाही. हिशोब माझा चुकला, आणि चिठ्ठीवर सही माझी होती. त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःवर घेतलं, आणि मी तिथेच उभी होते."

त्यांनी पदर सोडला. फोटोकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहत राहिल्या. खाली वसाहतीच्या फाटकाशी कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं, ती काही केल्या सुरू होईना. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे तरी वर्गाबाहेर उभं केल्यासारखी उभी होते.

मग त्या म्हणाल्या, "हे ते असताना येऊन सांगायचं होतंत, बाई. मी रोज बोलायचे त्यांना."